मदत हवी आहे : मॅब-५ जनुक बंद करूनही पीव्हीएम चेतापेशी मागेच का राहते?

क्यूएल_शोध : सी. एलिगन्स या सूक्ष्म गोलकृमीतील मॅब-५ हे हॉक्स जनुक (शरीराच्या कोणत्या भागात काय घडावे हे ठरवणाऱ्यांपैकी एक) आरएनएआयने, म्हणजे दुहेरी आरएनए देऊन जनुक शांत करण्याच्या तंत्राने, बंद केल्यास क्यूएल या पूर्वज पेशीच्या वंशातील पेशी (पीव्हीएम ही त्यांतलीच) मागे राहण्याऐवजी डोक्याकडे सरकायला हव्यात. परंतु तीन आठवडे प्रयत्न करूनही माझी पीव्हीएम चेतापेशी नेहमीच्या जागीच दिसते. सोमवारी मार्गदर्शकांना आकृती द्यायची आहे. कृपया लवकर सांगावे.

पेशीवंश : दुहेरी आरएनए जीवाणूंतून खाऊ घालता की सुईने टोचता? कोणत्या अवस्थेपासून? कृमींचा वाण कोणता?

क्यूएल_शोध : एचटी-११५ जीवाणू खाऊ घालते, अंड्यातून निघालेल्या एल-१ या पहिल्या अळी-अवस्थेपासून. वाण एन-२ (नेहमीचा प्रमाण वाण), त्यात पीव्हीएम चमकवणारी खूण आहे. अनक-२२ हे दुसरे जनुक बंद करणाऱ्या जीवाणूंवर कृमी अपेक्षेप्रमाणे थरथरतात, म्हणजे जीवाणूंत दोष नाही.

पेशीवंश : अनक-२२ स्नायूंत काम करते, त्यामुळे चेतापेशींच्या वंशातही परिणाम होतो हे त्यातून सिद्ध होत नाही. शिवाय शेपटीकडून येणाऱ्या एगल-२० या डब्ल्यूएनटी गटातील संकेत-प्रथिनामुळे क्यूएलमध्ये मॅब-५ एल-१ च्या सुरुवातीलाच चालू होते, म्हणून तुम्ही खाऊ घालायला लागता तोवर निर्णय होऊन गेलेला असतो. एल-४ या शेवटच्या अळी-अवस्थेतल्या मातांना खाऊ घाला आणि त्यांची संतती तपासा. आरएनएआयला अधिक संवेदनशील असे आरआरएफ-३ वाण वापरल्यास उत्तम.

उत्परिवर्ती : एवढा खटाटोप कशासाठी? मॅब-५ निकामी असलेले ई१२३९ हे उत्परिवर्ती वाण घ्या. मॅब-५ नसले तरी उभयलिंगी कृमी व्यवस्थित प्रजनन करतात, दोष मुख्यतः नरांच्या शेपटीत दिसतो. आरएनएआयचा परिणाम अनेकदा अर्धवट असतो.

पेशीवंश : ते बरोबर आहे, पण पीव्हीएमची खूण असलेल्या वाणाशी संकर करून वाण पक्के व्हायला काही पिढ्या जातात आणि त्यांना आकृती सोमवारी हवी आहे. संकर समांतर सुरू ठेवावा.

गुणसूत्र_३ : या कृमीत हॉक्स जनुके फक्त सहा असून ती तिसऱ्या गुणसूत्रावर दूरदूर विखुरलेली आहेत, आणि त्यांतील लिन-३९ व सेह-१३ यांचा क्रमही फळमाशीच्या तुलनेत उलटा आहे. यावर विचार व्हायला हवा.

क्यूएल_शोध : क्रमाचा माझ्या अडचणीशी संबंध दिसत नाही. आरआरएफ-३ शेजारच्या प्रयोगशाळेत आहे, आज मागवते. कृमी ठेवायची पेटी २५ अंशांवर आहे, चालेल ना?

पेशीवंश : हे आधी सांगायला हवे होते. आरआरएफ-३ २५ अंशांवर वंध्य होते, मातांना संततीच होणार नाही. २० अंशांवर ठेवा.