पोलीस कामासाठी प्राथमिक स्पॅनिश: उच्चार आणि नावांचे स्पेलिंग कुठून सुरू करावे?

सातारकर_ह्यूस्टन

नमस्कार मंडळी. मी मूळची साताऱ्याची. लग्नानंतर टेक्सासमध्ये ह्यूस्टनच्या परिसरात स्थायिक झाले आणि सध्या इथल्या एका पोलीस विभागाच्या अकादमीत प्रशिक्षण घेत आहे. आमच्या हद्दीत मेक्सिको, होंडुरास आणि एल साल्वादोरमधून आलेली कुटुंबे पुष्कळ आहेत. अनुभवी सहकाऱ्यांबरोबर गस्तीच्या गाडीत बसते तेव्हा दिसते की, वाहनतपासणी असो की अपघाताची नोंद, काम अडते ते व्याकरणापाशी नव्हे, तर नावापाशी. समोरचा माणूस आपले आडनाव एकेक अक्षर करून सांगतो, तरीही रेडिओवरून कळवलेले नाव नोंदीत सापडत नाही.

मला अस्खलित स्पॅनिशची आज घाई नाही. ऐकलेले नाव बिनचूक लिहिता यावे, लिहिलेले नाव त्या माणसाला ओळखू येईल असे उच्चारता यावे आणि चार आवश्यक सूचना स्पष्ट देता याव्यात, एवढेच हवे आहे. मराठी माणसाला यात काय सोपे आणि काय अवघड जाते? टिपणे देवनागरीत काढावीत का?

मुळाक्षर_पुणे

ताई, मी पुण्यात स्पॅनिश शिकवते. उच्चारांचा निम्मा अभ्यास तुमच्या मराठीने आधीच करून ठेवला आहे. स्पॅनिशमध्ये स्वर पाचच आहेत, आ, ए, ई, ओ, ऊ, आणि शब्दात कुठेही आले तरी त्यांचा उच्चार जवळजवळ तोच राहतो. इंग्रजी मातृभाषा असलेल्या विद्यार्थ्याला 'टी' आणि 'डी'साठी जीभ दातांपर्यंत न्यायला शिकवावे लागते, शिवाय प, त, क म्हणताना सुटणारा हकार आवरावा लागतो. आपल्याला त्यासाठी वेगळे काही करावे लागत नाही. 'तोमास'मधला त हा 'ताक'मधलाच त आहे. च मात्र 'चार'मधला घ्यावा, 'चाक'मधला नव्हे.

व्यंजनांचे जे नियम नावांमध्ये सतत भेटतात, ते आधी पक्के करा. 'एच' नेहमी मूक असते, म्हणून 'हर्नांडेझ' असे वाचले जाणारे आडनाव प्रत्यक्षात 'एर्नांदेस' आहे. 'जे'चा उच्चार मेक्सिकोत बऱ्यापैकी खरखरीत, घशातून येणारा ह असा होतो, तर कॅरिबियन बेटांवर तो साधा ह असतो. 'जी'च्या पुढे 'ई' किंवा 'आय' आले की तिचाही उच्चार तोच होतो. जोड 'एल'चा बहुतेक ठिकाणी य होतो (कास्तियो), लॅटिन अमेरिकेत 'झेड'चा स होतो, आणि 'बी' व 'व्ही' या दोघांचा उच्चार एकच, म्हणजे ब. एकेरी र आपल्यासारखाच आहे, पण शब्दाच्या सुरुवातीचा किंवा जोड र जीभ थरथरवून म्हणावा लागतो.

देवनागरी टिपणे जरूर काढा, पण त्यांत आघात (शब्दातल्या कोणत्या अक्षरावर जोर द्यायचा ते) दिसत नाही, हा धोका लक्षात ठेवा. स्पॅनिशमध्ये आघाताने अर्थ बदलतो आणि पोलिसांच्या कामात तो फार महागात पडू शकतो. 'दिस्पारो' या शब्दात 'पा'वर आघात दिला तर अर्थ 'मी गोळी झाडतो' किंवा नुसताच 'गोळीचा बार' असा होतो. शेवटच्या 'रो'वर दिला तर 'त्याने गोळी झाडली' असा होतो. जबाब ऐकताना हा फरक कानाला कळलाच पाहिजे. नियम तसा सोपा आहे. शब्द स्वरात, 'एन'मध्ये किंवा 'एस'मध्ये संपत असेल तर आघात उपांत्य अक्षरावर येतो, एरवी शेवटच्या अक्षरावर, आणि याला अपवाद असेल तिथे लेखनात स्वरावर तिरकी रेघ दिलेली असते. टिपणात आघाताचे अक्षर अधोरेखित करत जा.

नियंत्रणकक्ष_कॅलिफोर्निया

मी आपत्कालीन दूरध्वनी घेणाऱ्या कक्षात काम करतो, म्हणून स्पेलिंगबद्दल लिहितो. नाव सापडत नाही याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे अक्षरांची नावे. एखाद्याचे आडनाव 'पिनेदा' आहे असे समजा. तो सांगेल, 'पे, ई, एने, ए, दे, आ'. त्याचा 'ई' म्हणजे इंग्रजी 'आय' आणि त्याचा 'ए' म्हणजे इंग्रजी 'ई'. इंग्रजीला सरावलेला कान मात्र 'ई'च्या जागी 'ई' आणि 'ए'च्या जागी 'ए' लिहून मोकळा होतो, आणि मग संगणकावर शोधले जाणारे आडनाव भलतेच असते. त्याचप्रमाणे 'जी'चे नाव 'हे', 'एच'चे 'आचे', 'जे'चे 'होता' आणि 'वाय'चे 'ये' किंवा 'ई ग्रिएगा'. स्पॅनिश वर्णमालेत २७ अक्षरे आहेत, आणि शब्दसंग्रहाला हात घालण्यापूर्वी त्यांची नावे दोन्ही दिशांनी पाठ झाली पाहिजेत, असे माझे ठाम मत आहे.

कानाने ज्यांचा निकालच लागत नाही, अशी अक्षरे विचारूनच घ्यावी लागतात. 'गोन्सालेस'च्या शेवटी 'झेड' आहे की 'एस', हे उच्चारावरून कधीच कळणार नाही. 'कोन सेता ओ कोन एसे?' (झेडने की एसने?) असे सरळ विचारा. 'बी' की 'व्ही' यासाठी लोक स्वतःच 'बे दे बुर्रो' किंवा 'बे दे बाका' म्हणतात, म्हणजे गाढवाचा की गाईचा. सुरुवातीचा प्रश्न 'कोमो से एस्क्रीबे सु आपेयीदो?' (तुमचे आडनाव कसे लिहितात?), आणि शंका राहिलीच तर वही पुढे करून 'एस्क्रीबालो, पोर फाबोर' (कृपया लिहून द्या) म्हणा. रेडिओवर कळवताना मात्र ॲडम, बॉय, चार्ल्स ही आपल्या विभागाचीच वर्णमाला वापरा.

आकड्यांत साठ आणि सत्तर (सेसेंता, सेतेंता), तसेच दोन आणि बारा (दोस, दोसे) यांची गफलत होते. जन्मतारीख ते लोक आपल्यासारखी दिवस आधी, मग महिना अशी सांगतात.

दुभाषी_सॅन_अँटोनिओ

वरच्या दोघांनी उत्तम सांगितले आहे. मी न्यायालयात दुभाष्याचे काम करते, तेव्हा प्राथमिक स्पॅनिश कुठे थांबवायचे तेवढे सांगते. नाव, पत्ता, 'कोणाला लागले आहे का', 'हात दाखवा' इथपर्यंत ते हवेच. हक्क वाचून दाखवणे, झडतीची संमती घेणे आणि जबाब नोंदवणे ही कामे त्यावर करू नका. २०१३ साली नवव्या सर्किटच्या संघीय अपील न्यायालयाने एका खटल्यात मिरांडा हक्कांची (गप्प राहण्याचा, वकील मिळण्याचा असे चौकशीआधी सांगायचे हक्क) स्पॅनिशमध्ये दिलेली समज अपुरी ठरवली. वकील विनाशुल्क मिळेल हे सांगताना पोलीस डिटेक्टिव्हने 'ग्रातिस'ऐवजी 'लिब्रे' हा शब्द वापरला होता, आणि त्याचा अर्थ 'मोकळा, रिकामा असलेला' असा होतो. २०१८ साली कॅन्ससमधील एका प्रकरणात भाषांतराच्या ॲपने गाडीच्या झडतीसाठी 'बुस्कार' हे क्रियापद दिले. त्याचा मुख्य अर्थ 'शोधणे' असा आहे, आणि अशा प्रश्नावर मिळालेली संमती न्यायालयाने ग्राह्य धरली नाही. तक्रारदाराच्या तोंडी 'मोलेस्तार' आले तर इंग्रजी 'मोलेस्ट'चा, म्हणजे लैंगिक छळाचा अर्थ लावू नका. स्पॅनिशमध्ये त्याचा रोजचा अर्थ 'त्रास देणे' एवढाच आहे.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ग्वाटेमालाहून आलेला प्रत्येक माणूस स्पॅनिश बोलतोच असे नाही. किचे, माम यांसारख्या माया भाषा ही अनेकांची मातृभाषा असते, आणि त्यांना स्पॅनिश जेमतेम कळते. २०१० साली लॉस एंजेलिसमध्ये पोलिसांनी इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये चाकू टाकायला सांगितलेला, गोळीबारात मरण पावलेला इसम किचे भाषक होता. समोरचा गप्प राहिला तर तो ऐकत नाही असे गृहीत धरण्यापूर्वी त्याला कळले का, हे पाहायला हवे.

सातारकर_ह्यूस्टन

सर्वांचे मनापासून आभार. दोन शंका राहिल्या. सूचना देताना 'तू'चे रूप वापरावे की 'तुम्ही'चे? आणि दोन आडनावे सांगितली तर कोणते लिहावे?

मुळाक्षर_पुणे

'उस्तेद'चे, म्हणजे आपल्या 'तुम्ही'चे रूप वापरा. 'नो से मुएबा' (हलू नका), 'मुएस्त्रेमे लास मानोस' (हात दाखवा), 'सुएल्ते एल आर्मा' (शस्त्र टाका). अनोळखी प्रौढ माणसाला गणवेशातल्या व्यक्तीने अरेतुरे केलेले तिथेही आपल्याइतकेच झोंबते.

नियंत्रणकक्ष_कॅलिफोर्निया

दोन्ही लिहा, त्याच क्रमाने. पहिले वडिलांकडचे असते, दुसरे आईकडचे, आणि तिकडे सहसा पहिलेच मुख्य मानले जाते. अमेरिकी नमुन्यात मात्र शेवटचा शब्द आडनाव म्हणून घातला जातो, त्यामुळे एकाच माणसाच्या दोन ठिकाणी दोन नोंदी तयार होतात. 'गार्सिया मोरेनो' असेल तर आधी गार्सिया, मग मोरेनो आणि शेवटी दोन्ही जोडून असा शोध घ्या. 'पेन्या'सारख्या नावातल्या 'एन'वरची नागमोडी रेघ आपल्या बहुतेक यंत्रणांत उमटत नाही, म्हणून शोधताना साधे 'एन' टाका आणि अहवालाच्या मजकुरात मूळ स्पेलिंग नमूद करा.