प्रतिसाद: एकच चॅनेल, पण कोणासाठी?

पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका सगळ्यांना वॉकी-टॉकीवर कायम एकाच रेडिओ चॅनेलवर ठेवा, असं काहींचं म्हणणं आहे. नाही पटत. एका वेळी एकच जण बोलू शकतो. दोघांनी सोबत बटण दाबलं की नुसती खरखर.

२३ सप्टेंबर २०२३ ला नागपुरात अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो होऊन वस्त्यांत पाणी शिरलं, तेव्हा एनडीआरएफ, एसडीआरएफ (केंद्राची आणि राज्याची आपत्ती पथकं), लष्कर सगळेच उतरले होते. अशा वेळी रोजचं बोलणं आपापल्या चॅनेलवर, आणि सामायिक चॅनेलवर फक्त पथकप्रमुख: बोट कुठे हवी, कोणता पूल बंद.

अन् तिथं कोडवर्ड नको ना बाप्पा! साधं मराठी-हिंदी बोला. बटण दाबून क्षणभर थांबा, नाहीतर पहिलाच शब्द तुटतो आणि 'नका पाठवू'चं 'पाठवू' होतं.