दोन इंजिनं जोडली की दुप्पट ताकद? जोडायच्या आधी हे वाचा

पाना_नंबर_१९ (जालना)
ट्रॅक्टरच्या ग्रुपांवर एक पोस्ट फिरायलीय. मजकूर असा: "पंचेचाळीसची दोन इंजिनं एका शाफ्टला जोडा, नव्वद एचपी तयार. महायुद्धात अमेरिकेनं पाच मोटारींची इंजिनं जोडून रणगाडा पळवला. आपल्या कंपन्या हे मुद्दाम करत नाहीत, नाहीतर महागाचा मोठा ट्रॅक्टर कोण घेईल?" इथवर सोडून दिलं असतं. पण खाली लोक भंगारातल्या इंजिनाचा भाव विचारायलेत, म्हणून लिहितो.

रणगाड्याची गोष्ट खरी, पण अर्धी. क्रायस्लरचं ए-५७. सहा सिलिंडरची पाच पेट्रोल इंजिनं एका मधल्या गिअरभोवती मांडलेली, एकूण ३० सिलिंडर, साडेवीस लिटर. ते एम४ए४ शेरमनमध्ये बसेना म्हणून रणगाड्याचं धड लांबवलं. एवढं करून हातात आले सव्वाचारशेच्या आसपास एचपी. हे केलं कशाला? रणगाडे तातडीनं पाहिजे होते, मोठं इंजिन पुरेसं मिळत नव्हतं, आणि मोटारीच्या इंजिनाची लाइन मात्र चालू होती. सुरुवातीला पाच वॉटर पंप बेल्टवर आणि पाच कार्बुरेटर ज्याच्या त्याच्या इंजिनापाशी. मेकॅनिकचा हात पोचेना. मग एकच गिअरवरचा पंप केला आणि कार्बुरेटर सगळे वर आणून ठेवले. ती अडचणीतली सोय होती. तिला गुपित म्हणून विकू नका.

आता ट्रॅक्टर. ४५ एचपी २००० आरपीएमला म्हणजे साधारण १५८ न्यूटन-मीटर टॉर्क (शाफ्टला फिरवणारा पीळ). दोन जोडली की ३१६. हे जाणार कुठून? त्याच क्लच प्लेटमधून, त्याच इनपुट शाफ्टच्या स्प्लाइनमधून (शाफ्टवरच्या खाचांमधून). लो गिअरला हाच टॉर्क पुढं कित्येक पटीनं वाढून क्राउन-पिनियनवर (मागच्या एक्सलच्या गिअरजोडीवर) येतो. आधी प्लेट घसरेल, तुम्ही जाड स्प्रिंगची प्रेशर प्लेट टाकाल, मग पिनियनचे दात जातील. इंजिन जोडलं, पण मागचा अख्खा ट्रॅक्टर ४५ चाच राहिला.

त्यात गव्हर्नर, म्हणजे डिझेल कमी-जास्त करून स्पीड धरणारा भाग. दोन डिझेल पंपांचे गव्हर्नर कधीच सारखे नसतात. एक इंजिन ओढणार आणि दुसरं फुकट फिरणार. आणि एखादं बंद पडलं, मधे क्लच नसला, तर चालतं इंजिन बंद इंजिनाला फिरवत बसणार. अडीच-पावणेतीन लिटरचं मेलेलं इंजिन २२०० ला फिरवायला दहा-बारा एचपी सहज जातात.

फाउंड्री_वाळूज
टॉर्कचं पटलं. गव्हर्नरचं अर्धवट सांगितलंत, आणि अर्धवट सांगून लोकांना भिववणं मला आवडत नाही.

आकडे घ्या. पहिलं इंजिन बिनलोड २३५० ला, भरलोडला २२०० वर. दुसऱ्याचा स्क्रू ५० नं खाली, म्हणजे २३०० आणि २१५०. शाफ्ट एकच म्हणून स्पीड एकच. २३०० वर पहिल्यावर तिसरा हिस्सा लोड, दुसरं नुसतं फिरतंय. २२०० वर पहिलं पूर्ण भरलं, दुसरं दोन तृतीयांश. २१५० ला दोन्ही भरली. म्हणजे भरलोडला तुमचं "फुकट फिरणारं" इंजिन पूर्ण कामाला लागलेलं असतं. स्पीड पडण्याची ही ढील आहे म्हणूनच लोड वाटला जातो. दोन्ही गव्हर्नर एकच स्पीड घट्ट धरणारे असते तर एकमेकांशी भांडले असते. वाळूज-शेंद्र्यात दोन डीजी सेट (डिझेल जनरेटर) समांतर चालतात तेही बरेचदा चार-पाच टक्क्यांच्या ढिलीवर.

खरी भीती दुसरीच. दोन चार-सिलिंडरी इंजिनं कडक कपलिंगनं जोडली आणि दोन्हीचे फायरिंग एकाच वेळी आले, तर दर १८० अंशाला दुप्पट ठोका. मधे ९० अंशाचा फरक ठेवला तर आठ सिलिंडरसारखं मऊ चालेल. पण प्रत्येक इंजिनाला वेगळा क्लच दिला की हा फरक दर वेळी क्लच सोडताना बदलणार. म्हणून मधे रबरी टायर कपलिंग पाहिजे, नाहीतर ठोके की-वेवर (शाफ्टच्या खाचेवर) येतात आणि त्यातली की, म्हणजे खुंटी, कापली जाते.

आणि जोडणी म्हणजे मूर्खपणा असंही नाही. त्याच शेरमनच्या एम४ए२ मध्ये जनरल मोटर्सची ६-७१ ही दोन टू-स्ट्रोक डिझेल शेजारी-शेजारी होती, दोघांना वेगवेगळे क्लच. एक मेलं तरी दुसऱ्यावर गाडी निघायची. ए-५७ वर हसा, पण याचंही नाव घ्या.

पाना_नंबर_१९
घेतलं नाव. भरलोडचं गणित बरोबर आहे, तेही मानलं. पण ट्रॅक्टर दिवसाचा किती वेळ भरलोडला असतो हे वाळूजच्या एसी केबिनमधून दिसत नसेल. अर्ध्या लोडला तेच एक इंजिन घासणार. दोघांचे तास सारखे दाखवले तरी एकाचे लायनर आधी जाणार.

लोको_परळी
तुम्ही दोघं रणगाड्यातच अडकलात. सिलिंडरची मांडणी बघायची तर नेपियर डेल्टिक हे ब्रिटिश डिझेल इंजिन बघा. त्रिकोणाच्या तीन बाजूंना सिलिंडर, तिन्ही कोपऱ्यांत क्रँक. १८ सिलिंडर, ३६ पिस्टन, व्हॉल्व्ह एकही नाही, सगळं पोर्टवर. प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन पिस्टन समोरासमोर, एक्झॉस्टकडचा २० अंश पुढं. हा फरक तिन्ही बाजूंना जुळावा म्हणून तीनपैकी एक क्रँक उलट्या दिशेनं फिरवलाय. ब्रिटिश रेल्वेच्या क्लास ५५ मध्ये अशी दोन, प्रत्येकी १६५० एचपी. ३३०० एचपी आणि वजन जेमतेम शंभर टन. त्याच काळातलं आपल्या रेल्वेचं डिझेल लोको डब्ल्यूडीएम-२ सव्वाशेरच्या तोऱ्यात यायचं, पण ११२ टनांत २६०० च.

फाउंड्री_वाळूज
आणि डेल्टिक बिघडलं की इंजिन उचलून दुसरं बसवायचं आणि जुनं वर्कशॉपला पाठवायचं, हे कोण सांगणार? गाडीवर ठेवून ते उघडायची सोयच नव्हती. बावीस लोको होते, १९८२ उजाडताच संपले. तुमच्या डब्ल्यूडीएम-२ मधलं ते अवजड अल्को व्ही-१६ शेडमध्ये खोलून कामाला लागायचं. म्हणून ते टिकलं.

लोको_परळी
अल्को माझंच आहे, मला शिकवू नका. माझा मुद्दा दुसरा आहे. दोन डब्ल्यूडीएम-२ एमयूची (अनेक लोको एकत्र चालवायची) केबल लावून एका ड्रायव्हरनं चालवली की ५२०० एचपी होतात, आणि कुठलाही शाफ्ट कुठल्या शाफ्टला जोडलेला नसतो. प्रत्येकाचा जनरेटर वेगळा, मोटारी वेगळ्या, चाकं वेगळी. विमानवाल्यांनी हेच केलं. रोल्स-रॉइसचं व्हल्चर म्हणजे दोन व्ही-१२ एकाच क्रँकवर, एक्स आकारात २४ सिलिंडर. बिग-एंडचे, म्हणजे कनेक्टिंग रॉड क्रँकला धरणारे, बोल्ट तुटायचे. मँचेस्टर बॉम्बर त्यातच रखडला. तीच बॉडी, चार वेगळी मर्लिन लावली आणि लँकेस्टर झालं. जर्मनांनी हाइन्केल १७७ मध्ये दोन-दोन इंजिनं एका कव्हरमध्ये कोंबली, आतले एक्झॉस्ट तापायचे, तेल गळायचं, हवेतच पेट घ्यायची.

शेतीराजा_भोकरदन
पोस्ट माझी आहे. सगळे विमानात बसून बोलायलेत, रानात कुणीच उतरंना.

इंग्लंडात डो नावाच्या कंपनीनं १९५८ च्या सुमारास दोन फोर्डसन मेजर एकामागं एक जोडले. पुढची चाकं दोन्हीची काढली, मधे फिरता सांधा बसवला, ड्रायव्हर मागच्यावर. शंभर एचपीचा ट्रॅक्टर तयार. त्याला डो ट्रिपल-डी म्हणतात. इंग्रजानं केलं की इंजिनिअरिंग, अन् भोकरदनच्यानं केलं की भंगार?

अन् मोठा ट्रॅक्टर घ्या म्हणायला सोपं आहे. जानेवारी २०२३ पासून पन्नास एचपीच्या वर ट्रेम ४, म्हणजे ट्रॅक्टरच्या धुराचा नवा नियम, आला. कॉमन रेल, सेन्सर, लॅपटॉप लावल्याशिवाय मेकॅनिक हात लावंना. डिझेलमध्ये जरा पाणी आलं की इंजेक्टर गेले. त्यापेक्षा जुन्या रोटरी पंपाची दोन इंजिनं परवडली. हे कुणी बोलणार नाही.

पाना_नंबर_१९
डोचं नाव काढलंत ते बरं केलंत, कारण त्यात कुठलंही इंजिन दुसऱ्याला जोडलेलं नाही. दोघांचा क्लच, गिअरबॉक्स, मागची चाकं आपापली. जोडलेत ते दोन ट्रॅक्टर. वळायला मधला सांधा हायड्रॉलिक जॅकनं मुडपतात. आता तुमची पोस्ट पुन्हा वाचा: "एका शाफ्टला जोडा". हे दोन वेगळे धंदे आहेत. तरी डोवरही दोन गिअरबॉक्स जुळवायची कटकट होतीच. पुढचा एका गिअरमध्ये आणि मागचा दुसऱ्यात राहिला की एक दुसऱ्याला ढकलणार.

ट्रेमचं दुखणं खरं आहे. पण त्याचा इलाज फिल्टर-सेपरेटर रोज सकाळी मोकळा करणं हा आहे.

काळं_रान (परभणी)
एवढं सगळं लिहिलंत, पण काळ्या रानात इंजिन हरतच नाही. हरतं ते टायर.

हिशोब करा. ५० चा ट्रॅक्टर, नांगर ओढताना मागच्या एक्सलवर पाणी-वजन (टायरात भरलेलं पाणी) धरून १८०० किलो. नांगरलेल्या काळ्या मातीत ओढ त्याच्या निम्मी धरा, ९०० किलो. ताशी ५ किलोमीटरनं हे साडेसोळा एचपी होतात. पन्नासातले साडेसोळा! बाकीचे रोलिंगला, गिअरमध्ये, आणि चाक जागेवर फिरवून माती खणायला. तिथं दुसरं इंजिन लावून काय करणार, जास्त जोरात खणणार?

डो चालला कारण त्याच्याखाली चार मोठी चाकं ओढत होती. इंजिनामुळं नाही.

शेतीराजा_भोकरदन
मग वजन वाढवा की. लोखंडी प्लेटा टाका, झालं.

काळं_रान
झालं नाही. प्लेट महाग. पाणी टायरमध्येच बसतं. १४.९-२८ च्या टायरात पाऊण भरलं तर एका बाजूला दोनशे लिटरच्या आसपास जातं. चाक जॅकवर घ्या, व्हॉल्व्ह वर बारा वाजता आणा, भरत राहा, व्हॉल्व्हमधून पाणी यायला लागलं की पंचाहत्तर टक्के झालं. वरून हवा १२ ते १४ पीएसआय. गेज लावताना पण व्हॉल्व्ह वरच ठेवा, नाहीतर गेजमध्ये पाणी जातं.

फाउंड्री_वाळूज
आणि तोच ट्रॅक्टर दिवाळीनंतर उसाला जातो. पाणी भरलेलं टायर रोडवर उड्या मारतं, तेवढी हवेची उशी उरत नाही. ऊस वाहतुकीला पाणी काढा हे का नाही सांगत?

शिवाय रोडवर तुमचा "एचपी नको" चालत नाही. दोन ट्रॉल्या धरून वीस टन, तीन टक्के चढ, रोलिंगचे दोन टक्के: ९.८ किलोन्यूटन ओढ. ताशी १५ नं ४१ किलोवॅट, म्हणजे चाकावर ५५ एचपी. डांबरावर टायर धरतं. तिथं इंजिनच हरतं.

काळं_रान
रोडवर हरतं हे मान्य. रान विचारलं होतं, तुम्ही रोड काढलात. आणि चढ चढल्यावर उतार पण येतो, साहेब. दोन इंजिनं लावून वीस टन वर नेलं, तर खाली उतरवायला ब्रेक एकाच ट्रॅक्टरचे. ट्रॉलीला ब्रेक कुठं असतात? त्यावर गणित करा एकदा.

लोको_परळी
रेल्वेत व्हॅक्यूम-एअर ब्रेक प्रत्येक डब्याला...

पाना_नंबर_१९
परळीकर, थांबा. ट्रॉलीचा धागा वेगळा काढा.

हळद_वसमत
वाचतोय मगापासून. काळं रान, स्लिप, म्हणजे चाक जागेवर किती घसरतंय, हे मोजायचं कसं ते पण सांगा ना. सगळे अंदाजानं बोलायलेत.

काळं_रान
मागच्या टायरला चुन्याची खूण करा. नांगर वर उचलून त्याच रानात दहा फेरे होईपर्यंत चाला, अंतर मोजा. मग नांगर खाली टाकून त्याच गिअरमध्ये दहा फेरे. फरक भागिले पहिलं अंतर. दहा ते पंधरा टक्के असेल तर उत्तम. वीसच्या वर गेलं की डिझेल जाळून माती भाजायलात. शून्याजवळ आलं तर वजन जास्त झालंय, ट्रॅक्टर स्वतःलाच ओढतोय.

आणि फसलेला ट्रॅक्टर दुसऱ्यानं काढताना साखळी ड्रॉबारलाच, एक्सलच्या खाली. वरच्या टॉपलिंकच्या पिनेला बांधलं की ओढणाऱ्याचं पुढचं उचलतं, आणि मागं पलटी व्हायला वेळ लागत नाही.

शेतीराजा_भोकरदन
बरं, इंजिन नाही जोडत. पंपाचा स्क्रू पिळला तर चालंल का त्यावर पण बंदी?

पाना_नंबर_१९
पिळा. अर्धा फेरा पिळला की ओढ वाढते आणि सायलेन्सरमधून काळा धूर येतो. हवा तेवढीच, डिझेल जास्त, म्हणून एक्झॉस्टचं तापमान चढतं. टर्बो नसलेल्या इंजिनाला पिस्टनवर तेल फवारणारे जेट बहुतेक नसतात. नांगरटीच्या पाच-सहा तासांच्या सलग लोडला पिस्टनचं डोकं आधी गंजल्यासारखं खडबडीत होतं, मग रिंगजवळ चिरतं. मागचा डबा तरी पंचेचाळीसचाच, हे वर सांगितलंय.

शेतीराजा_भोकरदन
तुमच्या धाग्यावर "हो" ऐकायला मिळणार नाही हे कळलं. पोस्ट नाही काढणार, "एका शाफ्टला" तेवढं खोडतो. आता पाण्याचं सांगा: ट्यूबचा साधा व्हॉल्व्ह चालतो का, का त्यालाही पुण्याहून तज्ज्ञ बोलवू?

काळं_रान
मोटारीचा साधा चालत नाही. ट्रॅक्टरच्या ट्यूबला एअर-वॉटर व्हॉल्व्ह येतो, टीआर-२१८ए. त्याचं वरचं डोकं पान्यानं पूर्ण निघतं आणि रुंद भोक मोकळं होतं. पाण्याच्या नळीला बसणारा अडॉप्टर दुकानात मिळतो. बाजूला हवा निघायला छिद्र असलेलाच घ्या, नाहीतर आतली हवा अडते आणि तासभर थेंब-थेंब भरत बसाल. विहिरीचं पाणी गढूळ असेल तर गाळून टाका, आणि ट्यूबलेस असेल तर खारं पाणी मुळीच टाकू नका, रिम आतून खाईल.