भाडेकरू बदलू की राहू देऊ? (एकच फ्लॅट आहे, दुसरा घ्यायचा विचार चाललाय)

एकच_फ्लॅट:
नमस्कार मंडळी. माझा एक छोटा फ्लॅट भाड्याने दिलाय, तीन वर्षं तेच जोडपं राहतंय. माणसं चांगली आहेत, शेजाऱ्यांची तक्रार नाही, घर नीट ठेवतात. पण भाडं ५ तारखेला ठरलेलं असून कधी १२ ला येतं कधी १८ ला, आणि माझा कर्जाचा हप्ता ७ ला कापला जातो, म्हणजे दर महिन्याला आधी पगारातून भरायचं आणि मग मेसेज करत बसायचं. "भाडं अजून जमा झालं नाही" हे टाईप करताना मीच उधार मागतोय की काय असं वाटतं राव. आता एजंट मागे लागलाय की १० टक्के जास्त सहज मिळतील, यांना नोटीस द्या, मी दुसरे बघून देतो. बायको म्हणते आहे ते बरंय. त्यात अजून एक फ्लॅट घ्यायचं डोक्यात आहे, पण खरं सांगू, तीन वर्षांत हातात नक्की किती उरलं ते मला सांगता येणार नाही. मध्येच गीझर गेला, मग बाथरूमची गळती निघाली... तुम्ही हिशोब कसा ठेवता?

जुनी_किल्ली:
वहिनींचं ऐका. एजंटला भाडेकरू बदलला की दलाली मिळते, नाही बदलला तर काही मिळत नाही, एवढं लक्षात ठेवून त्याचा सल्ला ऐकायचा.

आता गणित बघा. भाडं महिन्याला १०० धरू, वर्षाचे १२००. नवीन माणूस ११० देणार. पण जुने गेले, रंग काढला, दाखवादाखवी झाली, कोणीतरी हो म्हणून मागे फिरलं, यात दीड महिना आरामात जातो. मग पहिल्या वर्षी साडेदहा महिन्यांचे ११५५ आले, म्हणजे आधीपेक्षा ४५ कमीच. वर दलाली आणि रंग मिळून एक महिन्याचं नवीन भाडं, ११० धरा, झाला १५५ चा खड्डा. तो पुढे महिन्याला १० ने भरायचा म्हणजे साडेपंधरा महिने, एकूण सव्वादोन वर्षं फक्त बरोबरीला यायला! आणि तेवढ्यात हा नवीन माणूस सोडून गेला तर परत पहिल्यापासून. एक रिकामा महिना म्हणजे वर्षाच्या भाड्यातले ८.३ टक्के गेले, हे मी पाटीवर लिहून भिंतीला लावलं होतं सुरुवातीला. त्यापेक्षा आहेत त्यांनाच ५ टक्के वाढवून विचारा, करार संपायच्या दोन-तीन महिने आधी. बरेच लोक हो म्हणतात, कारण सामान हलवणं त्यांनाही परवडत नसतं.

तिसरा_मजला:
उशिराचं बोलतो, माझं सेम होतं. सहा महिने मनातल्या मनात चिडत होतो, मग एकदा सरळ विचारलं की तुमचा पगार कधी होतो हो? तर म्हणे १० ला! आणि मी बसलोय ५ तारीख धरून. करारात तारीख १२ केली, बँकेशी बोलून हप्ता १५ ला सरकवला, भाडं खात्यातून आपोआप वळतं करायला सांगितलं, विषय संपला. सगळीकडे असं होईल असं नाही, काही जण मुद्दाम लांबवतात. त्यांच्यासाठी एकच, उशीर झाला की त्याच दिवशी मेसेज, दर वेळी, न चिडता. तुम्ही कधी ६ ला विचारता कधी १५ ला, मग समोरच्याला कळतं की १५ पर्यंत चालतं. अर्धे पैसे दिले तरी "इतके मिळाले, इतके बाकी" असं लिहून पाठवायचं. उशिराचा दंड लावायचा असेल तर तुमच्याकडच्या कायद्यात बसतो का बघून करारातच घाला. आणि कितीही डोकं फिरलं तरी पाणी-वीज तोडणं, कुलूप बदलणं असले प्रकार करू नका, बहुतेक ठिकाणी ते बेकायदा आहे आणि मग चूक त्यांची असूनही अडकता तुम्ही.

पाना_पक्कड:
वरचे दोघं पैशाचं बोलले, मी गळतीचं बोलतो कारण माझं तिथेच जास्त गेलंय. माझ्या भाडेकरूच्या सिंकखाली थेंब थेंब पाणी चालू होतं आणि त्याने चार महिने सांगितलंच नाही. कपाट फुगलं, भिंतीला बुरशी, खालच्यांच्या छताला डाग, ते भांडायला आले तेव्हा मला कळलं. वॉशर बदलून भागलं असतं तिथे पूर्ण कपाट करावं लागलं. त्याला विचारलं का नाही सांगितलंस, तर म्हणाला मागच्या वेळी नळाचं सांगितलं तेव्हा तुम्ही फोनवर इतके वैतागलात की नको वाटलं. काय बोलणार, खरं होतं ते. (सेकंदाला एक थेंब जरी पडला तरी दिवसाला ३० लिटरच्या आसपास पाणी जातं, नंतर वाचलं.) तेव्हापासून तक्रारीचा फोन आला की आधी "बरं झालं सांगितलंत" म्हणतो, मनात काहीही असो.

हिशोबाचं म्हणाल तर, टाकीवाला गीझर साधारण ८ ते १२ वर्षं चालतो, म्हणजे तो "अचानक" जात नाही हो, आपण मोजत नसतो. मी वहीत प्रत्येक वस्तू कधी बसवली ते लिहितो आणि दर महिन्याच्या भाड्यातला एक हिस्सा वेगळ्या खात्यात टाकतो. काही लोक घराच्या किमतीच्या वर्षाला १ टक्का दुरुस्तीला धरतात. अंदाजाची गोष्ट आहे ती, जुन्या घराला पुरत नाही. पण वेगळं खातं मात्र हवंच, पगाराच्या खात्यात मिसळलं की तुमच्यासारखं होतं, काय उरलं कळत नाही.

विकून_मोकळा:
मी उलटं सांगतो. दोन होते, दोन्ही विकले. भाड्यातून कर, विमा, देखभाल, रिकामे महिने, दुरुस्ती वजा केली तर जे उरत होतं त्यात माझे रविवार धरलेच नव्हते. तुम्ही एकाचा हिशोब देऊ शकत नाही आणि दुसरा घ्यायला निघालात? आधी तीन वर्षांची बँक स्टेटमेंट काढा, एक संध्याकाळ बसा. आकडा बघून मग बोला.

जुनी_किल्ली:
@विकून_मोकळा कडू आहे पण बरोबर आहे. फक्त एक, एकच घर असेल तर ते रिकामं झालं की आवक पूर्ण बंद, दोन असली तर अर्धी तरी चालू राहते. मात्र दोन हप्ते आणि एक भाडं अशी वेळ आली तर काय, याची तजवीज आधी. माझ्याकडे सहा महिन्यांचे हप्ते बाजूला नसतील तर मी दुसऱ्याला हात लावत नाही.

एकच_फ्लॅट:
धन्यवाद सगळ्यांना. बसलो काल स्टेटमेंट घेऊन. कर, देखभाल, गीझर, गळती आणि हे राहायला येण्याआधीचा रिकामा महिना धरला तर तीन वर्षांतलं जवळपास सव्वा वर्षाचं भाडं खर्चातच गेलं, आणि हे हप्ता न धरता! दुसरा फ्लॅट सध्या राहू दे. त्यांना पगाराची तारीख विचारली, ११ आहे, हसायलाच आलं. एक शेवटचं, उद्या ते गेलेच तर डिपॉझिटमधून रंगाचे पैसे कापता येतात का? आणि आत येतानाचे फोटो मी काढलेच नाहीयेत.

पाना_पक्कड:
मग आता काढा, दोघं मिळून, मीटरच्या रीडिंगसकट, आणि त्यांनाही पाठवा. रंगाचं म्हणाल तर वापराने फिका पडला त्याचे कापू नका. मुलांनी भिंत रंगवली, मोठी भोकं पाडली तर वेगळं, तेही पूर्ण नाही. रंग ५ वर्षांचा धरला आणि ते ३ राहिले, तर फार तर उरलेल्या २ वर्षांचाच वाटा. पण आधी करारात काय लिहिलंय ते वाचा, तुम्ही तो शेवटचा कधी उघडलात?

एकच_फ्लॅट:
सही करताना 😅