आबांच्या रिपोर्टात आतड्यालाही पिशव्या, मूत्राशयालाही. ऑपरेशन लगेच करायचं का?

चोपड्याची_लेक
नमस्कार मंडळी. वडील ६८ वर्षांचे, यावल तालुक्यात केळीची शेती. साखर नाही, बीपीची गोळी चालू आहे. लघवीला जळजळ व्हायची, रात्री सारखं उठायचे, आणि जाऊन आले की पाच मिनिटांत परत. आपल्याकडे असं काही झालं की मुतखडा ठरलेलाच. पानफुटीचा रस झाला, कुळथाचं पाणी झालं. शेवटी सोनोग्राफी आणि सीटी स्कॅन केलं तर खडा कुठेच नाही.

रिपोर्ट असा: सिग्मॉइड कोलनमध्ये (मोठ्या आतड्याचा शेवटाकडचा भाग) अनेक डायव्हर्टिक्युला, म्हणजे भिंतीतून बाहेर आलेल्या पिशव्या, सूज नाही. मूत्राशयाची भिंत जाड, डाव्या बाजूला ४ सेंमीचं डायव्हर्टिक्युलम. प्रोस्टेट (पुरुषांची मूत्राशयाखालची ग्रंथी) ६२ ग्रॅम. लघवीनंतर १८० मिली शिल्लक.

घरात गोंधळ आहे. काका म्हणतात दोन्हीकडच्या पिशव्या एकदाच कापून टाका. वहिनीनं भरीत बंद केलं, वांग्याच्या बिया पिशवीत अडकतात म्हणे. बामणोदची वांगी बाजारात आलीत आणि आबा ताटावर रुसून बसतात, "मले काही झालेलं नाही." दोन्ही एकच आजार आहे का? कॅन्सरची भीती कितपत? फोनवर डॉक्टर एवढंच म्हणाले की युरोलॉजिस्टला दाखवा.

निवृत्त_सिस्टर_भुसावळ
ताई, मी डॉक्टर नाही. सर्जरीच्या वॉर्डात नोकरी गेली, तिथे रोज जे पाहिलं त्यावरून सांगते. काकांना आधी थांबवा.

दोन्हीकडे पिशव्याच आहेत, पण कारणं वेगळी. ठिबकची नळी जुनी झाली की कमजोर जागी फुगा धरते ना, आतड्याचं तसंच होतं. आतड्याच्या स्नायूतून रक्तवाहिन्या आत शिरतात त्या जागा मुळात नाजूक. वय वाढतं, मलावरोध असतो, आतला दाब वाढतो आणि आतलं अस्तर तिथून बाहेर डोकावतं. म्हातारपणी हे पुष्कळांना असतं, बहुतेकांना जन्मभर कळतही नाही. सूज नाही, दुखत नाही, तर त्या पिशव्यांना कुणी हात लावत नाही. त्यांचा कॅन्सरही होत नाही. कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीनं मोठं आतडं बघणं, सांगतात ती आतड्यात दुसरं काही लपलेलं नाही ना हे बघायला. शौचातून रक्त, वजन उतरणं, घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर, यातलं काही असेल तर डॉक्टरांना आपण होऊन सांगा.

लक्ष द्यायचं ते मूत्राशयाकडे. प्रोस्टेट वाढली, वाट अरुंद झाली, मूत्राशय वर्षानुवर्षं जोर लावत राहिलं. म्हणून भिंत जाड, आणि स्नायूंच्या फटीतून अस्तर बाहेर आलं. त्या पिशवीला स्वतःचा स्नायू नसतो, म्हणजे ती आवळत नाही. आबा लघवी करतात तेव्हा थोडी बाहेर पडते, थोडी पिशवीत शिरते, आणि ते उठले की तीच मूत्राशयात परत येते. पाच मिनिटांनी पुन्हा जावं लागतं ते यामुळे. साठलेल्या लघवीत जंतू वाढतात, पुढेमागे खडाही धरतो.

उपाय आधी प्रोस्टेटवर. टॅमसुलोसिनसारखी गोळी देतात (चक्कर येते, म्हणून बहुधा रात्री, बीपीची गोळी चालू आहे हे आठवणीनं सांगा), नाहीतर दुर्बिणीतून प्रोस्टेट खरवडतात. वाट मोकळी झाली की कित्येकदा पिशवीला काही करावंच लागत नाही. पिशवी मोठी आहे, रिकामीच होत नाही, वारंवार इन्फेक्शन होतंय, आत खडा किंवा गाठ आहे, तर ती काढतात. पण अडथळा तसाच ठेवून नुसती पिशवी काढली तर जोर लावणं चालूच राहणार, आणि नवी पिशवी होणार.

कॅन्सरचं विचारलंत. मूत्राशयाच्या पिशवीत तो क्वचित होतो, पण झाला तर स्नायूचा थर नसल्यानं लवकर बाहेर पसरतो. लघवीत एकदा जरी रक्त दिसलं तरी दुर्बिणीनं आत बघून घ्या, दुखत नसलं तरी.

तोवर आबांना एक सवय लावा. लघवी झाली की तिथेच दोनतीन मिनिटं थांबायचं आणि परत प्रयत्न करायचा. सर्दीच्या गोळ्या मेडिकलवरून आणून द्यायच्या नाहीत, त्यांनी लघवी अडकते. तुंबलेल्या पोटानं मध्यरात्री येणारे म्हातारे मी मोजलेले नाहीत, पण निम्म्यांच्या खिशात तीच पट्टी असायची.

धुळेकर_नाना
सिस्टर बरोबर बोलल्या, पण आतड्याच्या पिशव्या अगदीच सोडून देऊ नका भो. आमच्या मातोश्रींना एका सकाळी शौचाला भसकन् लाल रक्त गेलं. पोटात दुखणं नाही, काही नाही. गावात एकाला दाखवलं, त्यानं मूळव्याध म्हणून पुड्या दिल्या. दुपारी परत तेच, डोळ्यासमोर अंधारी आली तेव्हा धुळ्याला नेलं. दोन बाटल्या रक्त चढवलं. कोलोनोस्कोपीत पिशवीतली रक्तवाहिनी फुटलेली सापडली. रक्त आपोआप थांबलं होतं. डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, गुडघ्यासाठी कोणती गोळी घेतात? म्हातारी रोज डायक्लोफिनॅक खायची.

निवृत्त_सिस्टर_भुसावळ
नाना, हे मी लिहायला हवंच होतं. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांनी पिशवीतून रक्त जाण्याचा आणि ती फुटण्याचाही धोका वाढतो. केळीचे घड वाहून कंबर दुखली की आपल्याकडे हीच गोळी. पॅरासिटामॉलवर भागत असेल तर तेच घ्यावं. हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असेल तर मात्र स्वतःच्या मनानं बंद करू नका.

आणि ताई, डाव्या ओटीपोटात सतत दुखणं आणि ताप, म्हणजे पिशवी सुजली. आपल्या आशियाई लोकांत उजवीकडेही होतं आणि अपेंडिक्सच वाटतं. साधी सूज पातळ आहारानं, कधी अँटिबायोटिकनं, कधी त्याशिवायही उतरते. पोट लाकडासारखं कडक झालं तर घरी थांबायचं नाही.

रावेरचा_शेतकरी
भरिताचं कुणीच सांगितलं नाही! बिया चालतात का?

निवृत्त_सिस्टर_भुसावळ
चालतात. मी नोकरीत होते तेव्हा टोमॅटोच्या बिया, शेंगदाणे, सगळं बंद करायचा कागदच हातात द्यायचे. २००८ मध्ये अमेरिकेतल्या ४७ हजारांहून अधिक पुरुषांचा १८ वर्षांचा अभ्यास छापून आला, त्यात दाणे आणि पॉपकॉर्न खाणाऱ्यांना त्रास जास्त झाला नाही, उलट थोडा कमीच. वहिनींना सांगा, भरीत वाढा. कळण्याची भाकरी तर उत्तमच. चोथा हळूहळू वाढवायचा आणि सोबत पाणी, नाहीतर पोट फुगतं. सूज असताना मात्र चोथा नाही, मऊ खिचडी. शेवभाजीचा तर्रीदार रस्सा पिशवीला काही करत नाही, आबांच्या बीपीला करतो.

अमळनेर_वाचक
बायकांनाही लघवीच्या जागी अशी पिशवी होते का? माझ्या बहिणीला उठल्यावर थेंब थेंब जाते, वर्षभर इन्फेक्शनच्याच गोळ्या चालू आहेत.

निवृत्त_सिस्टर_भुसावळ
होते, मूत्रनलिकेला, म्हणजे मूत्राशयातून लघवी बाहेर येते त्या नळीला. जळजळ, उठल्यावर थेंब, संबंधावेळी दुखणं, पुढच्या बाजूला गाठ लागणं. साध्या सोनोग्राफीत निसटते, एमआरआयमध्ये दिसते. लाजू नका, स्त्रीरोगतज्ज्ञांना स्पष्ट विचारा. थेंब जायला दुसरीही कारणं असतात, तपासल्याशिवाय कळणार नाही.

चोपड्याची_लेक
सगळ्यांचे आभार. मंगळवारची जळगावची वेळ मिळाली. काकांना वाचून दाखवलं, ते गप्प आहेत. जाण्याआधी काय काय करून नेऊ?

निवृत्त_सिस्टर_भुसावळ
लघवीचं कल्चर (कोणता जंतू आहे ते कळतं), क्रिएटिनिन (किडनीसाठी रक्ततपासणी), आणि पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी) लागेल का हे विचारून. कल्चरचा नमुना दिल्याशिवाय अँटिबायोटिकची एकही गोळी नको, नाहीतर जंतू सापडतच नाही. सीटीची सीडी न्या, नुसता कागद नको. लघवीत सारखे हवेचे बुडबुडे येतात का, हेही आबांना एकदा विचारा. आतड्याची पिशवी सुजून मूत्राशयाला चिकटली तर तिथे वाट पडते आणि आतड्यातली हवा लघवीतून येते. रिपोर्टात सूज नाही म्हणून शक्यता कमीच, पण असं होत असेल तर डॉक्टरांच्या खोलीत शिरल्याबरोबर तेच सांगायचं.