मदत हवी आहे: क्लॅम्पवरचा मॅजिक आर्म सारखा खाली झुकतो (मोडी कागदांचे फोटो)

नमस्कार मंडळी,

आजोळी माळ्यावर जुन्या कागदांचे चार रुमाल (कापडात बांधलेले गठ्ठे) निघाले. वाटणीपत्रं, कर्जरोखे, थोडा घरगुती पत्रव्यवहार, सगळं मोडीत. कसरीने कडा खाल्ल्यात आणि घड्यांवर कागद सुटायला लागलाय, त्यामुळे स्कॅनरवर पालथं घालायची हिंमत होत नाही. मामा म्हणतो, पावसाळ्याच्या आत फोटो काढून ठेव. म्हणून वरून कॅमेरा लावून एकेक पान टिपायचं ठरवलं.

जेवणाच्या टेबलाच्या कडेला सुपर क्लॅम्प (आवळून बसवायची पकड) लावलाय (प्लाय १८ मिमी, वर सनमायका). त्यावर ११ इंची मॅजिक आर्म, म्हणजे कॅमेरा धरणारा वळता दांडा. दोन टोकांना गोळीचे सांधे, मध्ये कोपर, आणि एकच नॉब तिन्ही सांधे आवळतो. टोकाला मिररलेस कॅमेरा आणि १८-५५ मिमी झूम लेन्स, मिळून साधारण ७०० ग्रॅम.

पहिला फोटो छान येतो. पाच-सहा पानांनी खालच्या ओळी फ्रेमबाहेर. मोडीत ओळीची रेघ आधी आडवी ओढून मग तिच्याखाली अक्षरं लिहीत, त्यामुळे बिघाड लगेच दिसतो. पहिल्या फोटोत वरची आणि खालची रेघ सारख्याच लांबीच्या, सहाव्यात वरची लांब आणि खालची आखूड. नॉब आवळून आवळून तळहाताला वळ उठलेत.

आर्मच खराब आहे की लावण्यात चूक होतेय? मोठा आर्म घेऊ का? आणि खरी धास्ती वेगळीच आहे. कॅमेरा सुटून कागदावर पडला तर ते पान पुन्हा मिळणार नाही.

प्रतिसाद १

मोठा आर्म अजिबात घेऊ नका, त्रास वाढेल. ११ इंच म्हणजे २८ सेंमी. आर्म आडवा ताणला की ७०० ग्रॅमचा क्लॅम्पवर येणारा पीळ जवळजवळ २० किलो-सेंमी होतो. तोच कॅमेरा कोपर दुमडून १० सेंमीवर आणलात तर ७. वजन तेच, अंतर कमी. खोक्यावरच्या किलोच्या आकड्यावर जाऊ नका, तो किती लांबीवर धरलाय हे बहुतेक वेळा लिहिलेलंच नसतं.

प्रतिसाद २

सांध्यांत शिवणयंत्राचं तेल सोडून बघा, माझ्या स्टँडचा नॉब त्याने मोकळा झाला होता.

प्रतिसाद ३

कृपया तेल घालू नका! हा आर्म घर्षणावरच उभा असतो. तेल गेलं की गोळी निसटणारच. आधीच गेलं असेल तर सांधा उघडून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि पूर्ण वाळू द्या.

ताई, दोष नक्की कुठे आहे ते आधी शोधा. प्रत्येक सांध्यावर मास्किंग टेपचा तुकडा आडवा चिकटवा, पेनाने त्यावर सरळ रेघ मारा आणि जोडावर ब्लेडने टेप कापा. क्लॅम्प आणि टेबल यांच्यामध्येही तसंच. लेन्सच्या झूम रिंगवरही करा, कारण लेन्स खाली तोंड करून टांगली की झूम आपोआप सरकतो आणि माणूस उगाच आर्मला दोष देतो. दहा फोटो काढा, मग कुठली रेघ तुटली ते बघा.

मूळ लेखिका

दोन्ही केलं. कोपर आणि गोळ्यांवरच्या रेघा जशाच्या तशा! तुटली ती टेबलाजवळची. क्लॅम्पच सनमायकावर केसभर फिरत होता. झूम रिंगही दोनेक मिलिमीटर सरकली होती.

प्रतिसाद ३

मग आर्म निर्दोष आहे. सुपर क्लॅम्पचा जबडा मुळात नळीसाठी घडवलेला असतो. उदाहरणार्थ, मॅनफ्रोटो कंपनीचा ०३५ हा क्लॅम्प १३ ते ५५ मिमीच्या नळीला धरतो. सपाट फळीसाठी जबड्यात बसवायची वेगळी पाचर मिळते. ती नसेल तर रबराचा पातळ तुकडा आत घालून काम भागतं, पण तुमच्या कामाला मी ते पुरेसं धरणार नाही.

क्लॅम्पला नळीच द्या. टेबलाच्या दोन बाजूंना रंगाऱ्याचे घोडे ठेवा, वरच्या पायरीवर इंची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप आडवा टाकून दोन्हीकडे सुतळीने घट्ट बांधा. क्लॅम्प पाइपवर, आर्म सरळ खाली लोंबता. मग पीळ उरतच नाही, वजन नुसतं खाली ओढतं. लेन्स ३५ मिमीवर ठेवा, कागदापासून अर्ध्या मीटरवर पान नीट बसेल. झूम रिंगला टेप. शटर दोन सेकंदांच्या टायमरवर.

नॉब आवळताना दुसऱ्या हाताने कॅमेरा किंचित उचलून धरा. हात सोडल्यावर तो जरासा बसतोच, तेवढी जागा आधीच ठेवायची. कॅमेऱ्यात जाणाऱ्या पाव इंची स्क्रूचे आटे पूर्ण बसलेत ना, तेही बघा. आणि पट्ट्याच्या कडीतून पाइपवर एक जाड दोरी बांधाच. कॅमेरा सुटला तरी कागदाच्या वीतभर वरच अडकला पाहिजे.

प्रतिसाद ४

कॅमेरा टेबलाला समांतर आहे का, हे बघायला पान ठेवायच्या जागी छोटा आरसा सपाट ठेवा. लेन्सचं प्रतिबिंब स्क्रीनच्या बरोब्बर मध्यभागी दिसेपर्यंत गोळी फिरवा, मग आवळा. मोबाइलच्या लेव्हलपेक्षा मला हे जास्त भरवशाचं वाटतं, कारण टेबल कललेलं असलं तरी चालतं.

मूळ लेखिका

सर्वांचे मनापासून आभार. घोडे शेजारच्या रंगकाम करणाऱ्या काकांनी दिले, पाइप गोठ्यात पडलेला होता. आरशाची युक्ती पहिल्या झटक्यात जमली. आज सकाळपासून ६२ पानं झाली. पहिल्या आणि शेवटच्या फोटोतल्या रेघा एकावर एक ठेवून पाहिल्या, तंतोतंत बसतात. दोरी बांधली आहे, त्यामुळे मामाही आता खोलीत बसून राहत नाही.

पहिला रुमाल संपला. दुसऱ्यात काही कागद गुंडाळी करून ठेवलेले आहेत, ते सपाट राहत नाहीत. वर काच ठेवली तर खिडकीची चमक येते. त्यावर काय करावं, कुणी केलं असेल तर जरूर लिहा.

प्रतिसाद ४

खिडकीला जाड पडदा लावा आणि दोन सारखे दिवे टेबलाच्या डाव्या-उजव्या बाजूंनी, साधारण ४५ अंशांत. काचेत कॅमेराच दिसत असेल तर काळ्या कापडाला लेन्सएवढं भोक पाडून ते कॅमेऱ्याखाली धरा. काच कागदावर दाबू नका, नुसती टेकवा. फार कडक झालेली गुंडाळी मात्र जबरदस्तीने उलगडू नका, ती कागद जतन करणाऱ्या जाणकाराला दाखवून मगच.