चार नगरसेवक, चार व्हॉट्सॲप ग्रुप आणि एकही क्षेत्रसभा नाही

पाणवठा (धागाकर्ता)

जानेवारी २०२६ मध्ये राज्यातल्या २९ महापालिकांच्या निवडणुका झाल्या. पुण्या-मुंबईची मुदत मार्च २०२२ मध्येच संपली होती, म्हणजे पावणेचार वर्षांहून जास्त काळ सगळा कारभार प्रशासकाच्या हातात. आता लोकप्रतिनिधी आले. आमच्या शहराचं नाव घेत नाही, मुंबई सोडून कुठलंही धरा. आमच्या प्रभागात चार नगरसेवक आहेत आणि चौघांचे चार व्हॉट्सॲप ग्रुप. तिघांच्या ग्रुपमध्ये मी आहे. चौथ्यातून मला काढलं, का ते सांगत बसत नाही.

या ग्रुपांवर माहितीची ददात नाही. गुरुवारी पाणी नाही, शनिवारी आधार शिबिर, अमुक दादांचा वाढदिवस, 'आपल्या पाठपुराव्यामुळे मंजूर' असा मजकूर आणि नारळ फोडतानाचा फोटो. अडचण एवढीच की नारळ फुटतो तेव्हा वर्क ऑर्डर निघून महिना झालेला असतो. परवा आमच्या गल्लीतले धडधाकट पेव्हर ब्लॉक उचकटून नवे बसवले. पलीकडच्या वस्तीतल्या स्वच्छतागृहाला दार नाही, ते तसंच. विचारलं तर म्हणे बजेटला हेच हेड (खर्चाचं शीर्षक) होतं, आता काही करता येत नाही.

यावर उपाय कायद्यातच आहे. २००९ साली राज्याने महापालिका कायद्यात दुरुस्ती करून 'क्षेत्रसभा' आणली. प्रभागाचे मतदान केंद्रांप्रमाणे तुकडे पाडायचे, त्या तुकड्यातले मतदार हेच सभेचे सदस्य आणि अध्यक्ष नगरसेवक. केंद्राच्या नागरी योजनेचा पैसा हवा होता, त्यात ही अट होती म्हणून कायदा झाला. पैसा आला, सभा राहूनच गेली. मी राहतो तिथे आजवर एकही झालेली नाही.

मागणी मोठी नाही. पुढच्या वर्षाच्या बजेटची कामं कागदावर चढायच्या आत, म्हणजे दिवाळीच्या आधी, एक सभा. पुण्यात ज्याला 'स' यादी म्हणतात ती नगरसेवकांनी सुचवलेल्या कामांची यादी त्या सभेत रकमांसकट वाचून दाखवायची. लोकांनी हो-नाही काहीही म्हणो, निदान कुदळ पडायच्या आधी कळलं पाहिजे. ग्रुप पुरेसे आहेत असं ज्यांना वाटतं त्यांनी जरूर लिहा.

सिमेंटची गोणी

पुरेसे नाहीत, पण सभा हा त्यावरचा इलाज नव्हे. मी बरीच वर्षं म्युनिसिपल कामांच्या बाजूला होतो, जास्त सांगत नाही. अशा बैठका भरपूर पाहिल्यात. पहिली दहा मिनिटं स्वागत, मग स्पीडब्रेकर, मग शेजारच्या सोसायटीचं पार्किंग, मग भटकी कुत्री. ज्युनियर इंजिनियर 'नोंद घेतो' म्हणतो आणि घेतोही. पावसाळी गटाराचा उतार कुठल्या बाजूला द्यायचा हे हात वर करून ठरवता येत नाही. लोकांना समोरचं जाळीवालं झाकण दिसतं, खाली नऊ इंची पाइप आहे की बाराचा ते दिसत नाही.

आणि गावाकडे बघा ना. ग्रामसभा वर्षातून चार, बंधनकारक. कोरम म्हणजे पंधरा टक्के मतदार किंवा शंभर, जे कमी असेल ते. तेवढेही जमत नाहीत, सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही! रजिस्टर मग घरोघर सह्यांसाठी फिरतं. हाच खेळ शहरात आणायचाय का? त्यापेक्षा तक्रारीचं ॲप नीट चालवा.

भोचक आजोबा

ॲपचं नाव काढलंत म्हणून लिहितो. आमच्याकडे फुटलेल्या चेंबरची तक्रार टाकली. दोन दिवसांत 'निराकरण झाले' असा निरोप आला. चेंबर फुटलेलंच. परत टाकली, परत निराकरण. ॲपला खोटं बोलायला संकोच वाटत नाही, समोर उभ्या माणसाला थोडा तरी वाटतो. सभेचा मला कळणारा फायदा तेवढाच, पण तो लहान नाही.

दुसरं, फाईल बघायला सभा कशाला? सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात नागरिकांनी येऊन कागद पाहावेत ही सोय पुणे महापालिकेने सुरू केली होती आणि २०१८ मध्ये सरकारने ती राज्यभरातल्या स्थानिक संस्थांना लागू केली. किती जण जातात? मी जातो, कारण मला दुपारी उद्योग नसतो. हसा खुशाल.

मुळामुठा

पुण्यात यातलं बरंचसं करून झालंय, त्यामुळे थोडी इतिहासाची भर. २००६-०७ च्या अंदाजपत्रकापासून नागरिकांकडून कामं मागवायला सुरुवात झाली. साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात अर्ज भरायचा, क्षेत्रीय कार्यालय छाननी करणार, प्रभाग समिती (त्या भागातल्या नगरसेवकांची समिती) निवड करणार. देशात असा प्रयोग करणाऱ्या पहिल्या काही शहरांत पुणं होतं, तेव्हा कौतुकही झालं.

पण एका कामाची मर्यादा पाच लाख रुपये. एवढ्यात बाकडी, दिशादर्शक पाट्या आणि पदपथाचा तुकडा एवढंच बसतं. नागरिकांच्या नावाने कार्यकर्तेच अर्ज भरतात ही टीकाही जुनीच. आणि खरी गोम वर्गीकरणात आहे. मंजूर झालेल्या कामाचा निधी वर्षाच्या मधेच दुसरीकडे वळवता येतो. दिवाळीआधी सभेत यादी वाचून दाखवाल हो, फेब्रुवारीत तिचं वर्गीकरण झालं तर ते कोण वाचून दाखवणार? त्यामुळे पाणवठा, मी सभेच्या बाजूनेच आहे, पण एका सभेने भागणार नाही. वर्गीकरणाचा प्रस्ताव आला की पुन्हा बोलवायची.

रातकिडा

क्षेत्रसभेचे सदस्य कोण? मतदारयादीत नाव असलेले. मी इथे सहा वर्षं भाड्याने राहतोय, दर अकरा महिन्यांनी ॲग्रीमेंट, तीन घरं बदलली. नाव अजून गावच्या यादीत. पाणी मी इथलंच पितो, खड्ड्यात मी इथल्याच पडतो. तुमच्या सभेत मी कुठे बसायचं?

मुंबईत १९९७ पासून एएलएम (ॲडव्हान्स्ड लोकॅलिटी मॅनेजमेंट) आहेत, गल्लीगल्लीतल्या रहिवाशांचे गट. कचऱ्याचं वर्गीकरण, खतांचे खड्डे, चांगली कामं केली, नाही म्हणत नाही. पण बऱ्याच ठिकाणी हळूहळू त्यांचा मुख्य विषय 'आमच्या फुटपाथवरचे फेरीवाले हटवा' हा झाला. बोलवायला कोणी आलं नाही म्हणून फेरीवाला बैठकीत नव्हता, आणि ठराव मात्र त्याच्याबद्दलचा. 'रहिवासी' म्हटलं की डोळ्यासमोर फ्लॅटमालकच येतो, ही सवय सभेने जाणार नाही, उलट पक्की होईल.

पाणवठा

रातकिडा, मुद्दा मान्य आहे. बोलायला मतदारयादीची अट नको, ठराव मतदारांचा असला तरी चालेल. पण आज तुम्हाला कुठे बसवतात? ग्रुपमध्येही तुम्ही नसाल.

गोणीसाहेब, गटाराचा उतार इंजिनियरनेच ठरवावा. आधी गटार करायचं की कमान, हे मात्र त्याने ठरवायचं नाही.

खारीक

माझी जाऊ नगरसेविका आहे (कुठल्या शहरात ते विचारू नका). तिची बाजू कोणी मांडत नाही म्हणून लिहिते.

पहाटे पाच वाजता फोन येतो, 'पाणी आलं नाही'. तिच्या प्रभागात चार नगरसेवक, तीन पक्षांचे. क्षेत्रसभा कोणी घ्यायची? कायदा म्हणतो नगरसेवक अध्यक्ष. चारातला कुठला? तिने घेतली तर मांडव तिचा, चहा तिचा, कामांचं श्रेय चौघांचं आणि शिव्या एकटीला. शिवाय बाकीच्यांची माणसं मुद्दाम येऊन गोंधळ घालणार, त्याचा व्हिडिओ रात्रीपर्यंत सगळीकडे. प्रभागही केवढाले! पुण्यात ४१ प्रभागांत १६५ नगरसेवक, म्हणजे २०११ च्या जनगणनेच्या हिशेबानेसुद्धा एका प्रभागात पाऊण लाखाच्या वर लोक. मुंबईत एकाला एक प्रभाग आहे, तिथे निदान जाब कोणाला विचारायचा ते ठरलेलं. इथे चौघं एकमेकांकडे बोट दाखवतात आणि, खरं सांगायचं तर, ते त्यांच्या सोयीचंही आहे.

भोचक आजोबा

शेवटच्या वाक्याबद्दल धन्यवाद. घरच्या माणसाने लिहिलं म्हणून जास्त.

सिमेंटची गोणी

मग एक अप्रिय गोष्ट बोलतो. पिंपरी-चिंचवडमध्ये २०२२ साली प्रशासक आल्यावर क्षेत्रीय कार्यालयांत सोमवारी जनसंवाद सभा सुरू झाल्या. अधिकारी बसायचे, लोक थेट बोलायचे. नगरसेवक होते तेव्हा असं नियमाने होत नव्हतं. याचा अर्थ काय लावायचा? मला तरी वाटतं, मधला माणूस वगळला तर माहिती लवकर पोचते.

पाणवठा

लवकर पोचते, पण एकाच दिशेने. तिथे तुम्ही तक्रार सांगता, अधिकारी उत्तर देतो. ड्रेनेज तुंबलं, काढून दिलं, उत्तम. पण त्या वर्षी कोट्यवधींचं सुशोभीकरण करायचं की नाही हे त्या सभेत कोणी विचारलं? प्रशासकाच्या काळात आयुक्तांनी मांडायचं आणि आयुक्तांनीच मंजूर करायचं. महापालिकेची सभा नाही, स्थायी समिती नाही, प्रभाग समितीही नाही. तीन लाखांवरच्या शहरांत प्रभाग समित्या हव्यात असं घटनेत १९९३ पासून लिहिलेलं आहे, आणि तेवढी वर्षं कोणाचं काही अडलं नाही. तक्रार निवारणाला सहभाग म्हणायची आपल्याला फार घाई असते. नगरसेवकाला मी पाच वर्षांनी पाडू शकतो. साहेबांची फार तर बदली होईल.

मुळामुठा

+१. प्रभाग समितीवर स्वयंसेवी संस्थांचे तीन जण घ्यायची सोय कायद्यात आहे. ते तीन जण बहुतेकदा तिकीट न मिळालेले कार्यकर्ते का असतात, यावर वेगळा धागा काढा.

रातकिडा

सभा घेणारच असाल तर सोसायटीच्या हॉलमध्ये घेऊ नका, तिथे चप्पल कुठे काढायची इथपासून आमची अडचण. महापालिकेच्या शाळेत घ्या. वेळ रात्री साडेआठ. अकरा वाजता ठेवलीत तर आजोबा आणि त्यांचे मित्रच येतील (आजोबा, रागावू नका). आणि यादी आठ दिवस आधी रेशन दुकानाच्या भिंतीवर लावा, मोठ्या अक्षरांत, रकमांसकट. तेवढं केलंत तर मी सभेला नाही आलो तरी चालेल.

भोचक आजोबा

रागावलो नाही. साडेआठला मी जेवून झोपलेला असतो, पण येईन.

खारीक

आत्ताच जावेला फोनवर विचारलं. शाळा चालेल, साडेआठही चालेल. कामांची यादी लावायला ती तयार आहे. रकमांचं म्हटल्यावर जरा थांबली. म्हणाली, बाकीच्या तिघांनी आधी लावू देत.